मधलं फूल

थोरलीने बॅग जिन्याखालीच टाकली. वर न्यायचं त्राण नव्हतं, आणि वर नेलेली बॅग चार दिवसांत पुन्हा खाली आणावी लागते हे इतक्या वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं. डावा गुडघा टम्म सुजला होता. विमानात शेजारच्या सीटवर चुलत बहीण तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि थोरली सबंध प्रवासभर गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून एकाच गोष्टीचा विचार करत होती, की हिला सांगायचं कसं.

सांगायचं होतं ते कोचबाईंनी उपांत्य सामना हरल्यावर सांगितलं होतं, स्टेडियमच्या मागच्या बाजूला, घडी केलेल्या खुर्च्यांच्या चळतीला टेकून. दर चार वर्षांनी येणाऱ्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत कोण जाणार ते येत्या मोसमात ठरणार होतं. त्याआधी जोडी मोडावी आणि धाकटीला संघातल्या त्या नव्या डावखुऱ्या पोरीबरोबर खेळवावं, असं त्यांच्या मनात होतं. तुमचं दोघींचं म्हणणं एकच असेल तर हा मोसम मी जोडी तशीच ठेवीन, असंही त्या म्हणाल्या. "पण तुझा गुडघा तुला माहीत. तूच बोल तिच्याशी, तू थोरली आहेस. रविवारी संध्याकाळपर्यंत मला कळव." आज रविवार होता, आणि थोरली अजून एक शब्द बोलली नव्हती.

लहानपणी जाळीपाशी तुरुतुरु इकडून तिकडे पळायची म्हणून धाकटीचं नाव खार पडलं. जगातल्या पहिल्या दहा जोड्यांत आली तरी ते काही सुटलं नाही. थोरलीला कुणी टोपणनाव ठेवलंच नाही. ती थोरली, एवढंच. उंच, मागून जोरात मारणारी, आणि कोर्टाबाहेर व्हिसा, बस, डॉक्टर, जेवणाच्या वेळा, सगळं बघणारी. दोघींनी अर्धं जग पालथं घातलं, पण पाहिलं काय, तर हॉल, हॉटेल आणि त्या दोहोंमधली बस. एक हॉल गारठलेला, दुसरा कोंदट; एका ठिकाणी वारा पाठीमागून, दुसऱ्या ठिकाणी तोंडावर; बाकी सगळीकडे तीच हिरवी चटई. खारला दिवा चालू असल्याशिवाय झोप येत नाही, म्हणून थोरली डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपायला शिकली होती. सुरुवातीची काही वर्षं या सगळ्याची मजा वाटली. आता मात्र ती दमली होती. सामना हरला की दुसऱ्या दिवशी सकाळी बस असते, आणि जिंकला तरी असतेच.

घरात खाली खेळाच्या सामानाचं दुकान आणि वर दोन भावांची दोन बिऱ्हाडं. पोरी दौऱ्यावरून आल्या की दोन्ही घरांचं जेवण थोरलीच्या घरी, असा रिवाज होता. खार आपल्या घरी अंघोळीला गेली आणि थोरली स्वयंपाकघरात आईपाशी जाऊन बसली. आई बोलणाऱ्यांतली नव्हे. तिने गुडघ्याकडे एकदा पाहिलं, पायाखाली स्टूल सरकवलं आणि पुन्हा कणीक मळायला लागली. खारशी बोलल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं मनाशी ठरवून आलेल्या थोरलीने त्या स्टुलापायी सगळं सांगून टाकलं.

"मग घे की सुटका करून," आई म्हणाली.

एवढ्यात दारात काकू. हातात रिकामं पातेलं, पण काय मागायला आली होती ते ती विसरून गेली होती, म्हणजे बराच वेळ उभी असणार. आई आणि काकू या जावाजावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. चुली वेगळ्या झाल्यापासून भाजीत मीठ किती यावरही त्यांचं कधी एकमत झालं नव्हतं. त्या दिवशी मात्र मिनिटभरात झालं. जोडी मोडावी. आईला आपल्या मुलीचा गुडघा दिसत होता आणि काकूला आपल्या मुलीचं वय. काकूने ते बोलूनही दाखवलं, की राग मानू नकोस, पण तुझ्यासाठी म्हणून माझी पोर थांबून राहिली आहे. थोरलीला राग आला नाही. खरं होतं ते, आणि खऱ्यावर रागवायलाही अंगात जोर लागतो. मी खारशी बोलेपर्यंत कुणाला सांगू नका, एवढं तिने काकूकडून कबूल करून घेतलं. काकूने गळ्याला हात लावून शपथ घेतली. काकूच्या तोंडात तीळ भिजत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण दुसरा इलाजही नव्हता.

जेवणं बऱ्यापैकी शांततेत झाली. थोरलीचे अप्पा आणि काका हवेबद्दल बोलले, दुकानातल्या नव्या मालाबद्दल बोलले. खार ओले केस पाठीवर सोडून मुकाट जेवली. ताटं उचलली गेली, आईने चहाची किटली आणून ठेवली, आणि अप्पा उठून कपाटाकडे गेले.

दोन निळे कप आणि दोन पांढरे. निळे आपल्या पोरींचे, पांढरे समोरच्यांचे. टेबलाच्या मधोमध चमचे आडवे मांडले की जाळी झाली. कपांचे कान उजवीकडे, कारण रॅकेट उजव्या हातात. आणि एका जुन्या शटलची पिसं झडून उरलेलं बूच, ते शटल. पोरी शाळेत असल्यापासून अप्पा प्रत्येक हरलेला सामना असा टेबलावर पुन्हा खेळत आले होते. त्या कपांतून कधी कुणी चहा प्यायलं नाही. अप्पा स्वतः आंतरशालेय स्पर्धेच्या पुढे कधी गेले नव्हते, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तरी एक म्हणायला हवं. या दोन पोरींना एका स्कूटरवर बसवून, उजाडायच्या आत हॉलवर पोचवणारेही तेच. थंडीत, पावसात, तापात. ते थोरली विसरली नव्हती.

आणि नियमही त्यांचाच. बाहेर सगळे शटल म्हणतात, या घरात त्याला फूल म्हणत. मधलं फूल थोरलीचं. पोरी लहान असताना दोघी एकाच फुलावर झेपावल्या आणि थोरलीची रॅकेट खारच्या भुवईवर बसली. फरशीवर रक्त सांडलं. अप्पांनी तिथल्या तिथे नियम केला, की दोघींच्या मध्ये आलेलं फूल थोरलीने घ्यायचं, धाकटीने हात लावायचा नाही. खरं तर तो नियमही त्यांचा स्वतःचा नव्हता. त्यांच्या वडिलांनी दोघा भावांना तेच सांगितलं होतं, आणि दुकान थोरल्याच्या हाती गेलं ते तसंच. काकांना बोटीवर इलेक्ट्रिशियनची नोकरी मिळत होती, ती थोरल्याच्या एका 'नको'वर गेली आणि ते जन्मभर दुकानाच्या मागच्या खोलीत रॅकेटला जाळ्या घालत बसले. ती हकिगत आता जुनी झाली आहे. काकूच्या तोंडून मात्र अजून येतच असते.

कोचबाई वर्षानुवर्षं ओरडत होत्या. दोघी शेजारी शेजारी उभ्या असताना मध्ये आलेलं शटल डावीकडे उभ्या असलेलीने घ्यायचं, कारण तिचा उजवा हात तिथे असतो. म्हणजे बहुतेक वेळा खारने. सगळं जग तसंच खेळतं. दोघी माना डोलवायच्या, आणि सामन्यात मध्ये शटल आलं की थोरलीचे पाय आपोआप धावायचे आणि खारची रॅकेट आपोआप थांबायची. पायांत जोर होता तोवर हे खपून गेलं. समोरच्यांनाही डोळे असतात. गेल्या वर्षापासून जी ती जोडी मध्येच मारू लागली होती.

"एकोणीस-वीस," अप्पांनी जाहीर केलं, जणू कुणाला आठवत नव्हतं. निळे कप शेजारी शेजारी लावले, पांढरे पुढे-मागे. मग बूच बोटांत धरून त्यांनी ती शेवटची रॅली टेबलावर चालवायला घेतली. इथून उंच, तिथून खाली, पुन्हा उंच. थोरली बघत होती, पण तिला टेबल दिसत नव्हतं. तिला दिसत होता तो समोरून आलेला अर्ध्या जोराचा फटका, अगदी मधोमध. तिचा पाय उचलला आणि गुडघ्यातून कळ गेली. त्याच क्षणी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिने पाहिलं होतं, की खारची रॅकेट वर आली. नेमक्या जागी, नेमक्या वेळी. आणि मग ती खाली गेली. टीव्हीवर लोकांनी थोरलीला पडताना पाहिलं. रॅकेट पाहिली ती फक्त तिने.

"अर्धं पाऊल आधी निघायला हवं होतंस," अप्पा तिला म्हणाले. "बाकी काही नाही. पुढच्या स्पर्धेआधी त्यावर काम करू."

"बरोबर आहे दादाचं," काका म्हणाले. अप्पांची री ओढणं ही त्यांची जुनी सवय होती, दुसऱ्याला शिंक आली की आपण रुमाल काढावा तशी.

काकूने तोवर बराच धीर धरला होता. पुढची स्पर्धा हे शब्द ऐकले आणि तो संपला. "कसली पुढची स्पर्धा, भावजी? कोचबाई जोडी मोडतायत. संध्याकाळी फोन करायचाय थोरलीला."

थोरलीने खारकडे पाहिलं. खार चमच्याने टेबलावर रेघा ओढत होती आणि बातमी ऐकून तो चमचा थांबलाही नाही. हिला माहीत आहे, थोरलीच्या मनात आलं. कधीपासून माहीत आहे?

अप्पांनी विचारलं तेव्हा थोरलीने सगळं सांगितलं, कोचबाईंचे शब्द जसेच्या तसे. अप्पांना त्यात अडचण अशी दिसलीच नाही. कोचबाईंनीच म्हटलंय ना, दोघींचं एकमत असेल तर जोडी राहील म्हणून? मग थोरलीने फोन करून सांगावं, की आम्ही दोघीच खेळणार. विषय संपला.

"आधी तिचा गुडघा बघा," आई म्हणाली.

"गुडघे बरे होतात. अशी जोडी पुन्हा उभी राहत नाही." आवाज त्यांनी मोठा केला होता, पण तो मध्येच चिरकला, आणि ते त्यांनाही कळलं. त्यांनी आयुष्यात जे काही नावारूपाला आणलं ते या दोन पोरी, आणि त्याही एकत्र असल्या तरच. दोघींतली एक वेगळी झाली की दुसरी त्यांची राहते की नाही, याची त्यांना खातरी नव्हती.

मग बराच वेळ बोलणं झालं. काकू म्हणाली, माझ्या मुलीला ही एकच संधी आहे, पुढच्या वेळी ती तिशी ओलांडेल. आई म्हणाली, बरोबर बोलतेय ती. अप्पांनी बायकोकडे आणि भावजयीकडे आळीपाळीने पाहिलं. या दोघींना एका बाजूला बसलेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असेल. त्यांनी काकांकडे मदतीसाठी नजर टाकली. काका मूग गिळून बसले होते. नेहमीचं 'बरोबर आहे दादाचं' या वेळी आलं नाही, आणि ते न आल्याने अप्पा जास्तच चिडले.

"पुरे," ते म्हणाले. "थोरली ठरवेल."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. खारनेही पाहिलं, आणि त्या नजरेत लहानपणापासूनची तीच वाट बघणं होतं. कोणत्या हॉटेलात उतरायचं, कोणते बूट घ्यायचे, वरण-भाताऐवजी ब्रेड खायचा का, सगळं ताई सांगेल. थोरलीपाशी उत्तर होतं. एक सोडून दोन होती, आणि विमानात तिने दोन्ही घोकली होती. आम्ही खेळणार, असं म्हटलं की खार मान डोलावेल आणि आणखी एक मोसम रॅकेट वर करून खाली घेत राहील. मी थांबते, असं म्हटलं तरी खार मान डोलावेल, आणि ताईने सोडलं म्हणून आपण वेगळ्या झालो असं जन्मभर म्हणत राहील. काहीही बोललं तरी ठरवलं ते थोरलीनेच. तिला एकाएकी इतका शीण आला, की टेबलावर डोकं टेकवून झोपावंसं वाटलं. तिने हात उचलून मांडीवर ठेवले.

अप्पांनी बूच दोन निळ्या कपांच्या बरोबर मध्ये सरकवलं आणि लहानपणी हॉलवर विचारायचे तसं विचारलं, "बोल. मधलं फूल कोणाचं?"

दोघी तेव्हा बेंबीच्या देठापासून ओरडायच्या, थोरलीचं! आता थोरली त्या बुचाकडे बघत राहिली. टेबलाखाली तिचा दुखरा पाय अर्धा इंच पुढे सरकलासुद्धा. इतकी वर्षं जे घ्यायला धावलो ते समोर पडलेलं असताना बसून राहणं तिला जमत नव्हतं. पण ती बोलली नाही.

"दादा," काका म्हणाले, "तिला विचार की."

"कोणाला?"

"खारला."

अप्पांनी कपाट बोलल्यासारखं भावाकडे पाहिलं. "तिला काय विचारायचं? थोरली बसलीय ना इथे."

"मलाही कुणी विचारलं नव्हतं," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, चहा गार झाला म्हणावं तितक्याच सुरात ते बोलले. "तेव्हाही थोरला बसला होता."

हे वाक्य काकू लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडून ऐकायला टपली होती. आता तिने नुसता त्यांच्यापुढचा चहाचा कप नीट केला.

खारने चमचा खाली ठेवला. "मला डावखुरीबरोबर खेळायचंय," ती म्हणाली.

आणि मग एकदा सुटलं म्हणताना सगळंच बाहेर आलं. कोचबाईंनी तिला स्पर्धेला निघण्याआधीच विचारलं होतं. ताई सांगेल तसं, असं ती म्हणाली होती. पण ताई गुडघ्याच्या व्यायामाला जायची त्या सकाळी ती डावखुरीबरोबर खेळून बघत होती. आधी कोचबाई म्हणाल्या म्हणून. मग आपणहून. "मला आवडलं, ताई," ती म्हणाली. "तिच्याबरोबर मधलं माझं असतं."

थोरलीला लागलं ते. चांगलंच लागलं. आपण खारला सोडून जाऊ का, हा विचार तिने हजारदा केला होता. खार आपल्याला सोडून जाईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. टॉवेल डोळ्यांवर घेऊन काढलेल्या सगळ्या रात्री तिला आठवल्या आणि क्षणभर तिने खारचा मनापासून दुस्वास केला. मग तो गेला. त्याच्यामागून काहीतरी मोकळं होत होत छातीतून खाली उतरलं.

"त्या शेवटच्या फुलाला रॅकेट उचलली होतीस तू," ती म्हणाली. "खाली का घेतलीस?"

"तुझं होतं ते."

"माझ्याच्याने होणार नाही, हे दिसत नव्हतं तुला?"

"दिसत होतं," खार म्हणाली आणि रडायला लागली.

काका उठून स्वयंपाकघरात गेले आणि एक साधा, रोजच्या वापरातला कप घेऊन आले. खारच्या निळ्या कपाशेजारी ठेवायला गेले, तर तिथे थोरलीचा कप होता. ते हातात कप धरून तसेच उभे राहिले. थोरलीने आपला निळा कप उचलला. मग काकांनी तो साधा कप तिथे ठेवला आणि बोटाने फिरवून त्याचा कान डावीकडे केला.

निळ्या कपाच्या तळाशी धूळ बसली होती. थोरलीने ती जर्सीच्या टोकाने पुसली, किटली पुढे ओढली आणि कपात चहा ओतला.

"अगं, तो कप..." अप्पा म्हणाले, आणि पुढचं त्यांनी गिळलं.

खारने नाक पुसलं. कोचबाईंना फोन करायला हवा, ती म्हणाली आणि सवयीने थोरलीकडे बघायला लागली. थोरलीचा हातही सवयीने फोनकडे गेला होता. तिने तो परत कपाच्या कानाला लावला. "कर की," ती म्हणाली.

खार उठून गॅलरीत गेली. तिने दार ओढून घेतलं, तरी तिचा आवाज आत येत होता. सुरुवातीला अडखळत, मग नीट. कोचबाईंशी ती इतका वेळ बोलू शकते हे थोरलीने पहिल्यांदाच ऐकलं. काकू कान देऊन बसली होती. आईने बर्फाची पिशवी आणून टेबलावर ठेवली आणि थोरलीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला.

अप्पांनी बूच उचललं. ते बोटांत फिरवलं, पुन्हा ठेवलं, निळा कप आणि तो साधा कप यांच्या बरोबर मध्ये. एकाचा कान उजवीकडे, एकाचा डावीकडे. कुठून सुरुवात करावी हे त्यांना कळत नव्हतं, आणि थोरलीला त्यांची फार कीव आली.

"मग आता मधलं कोणाचं?" त्यांनी विचारलं. या वेळी त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"ते त्या दोघी बघतील, अप्पा," थोरली म्हणाली, आणि दुखरा पाय खारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून उरलेला चहा प्यायली.